परदेशातून भांडी, दिवे, चादरी मागवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी परदेशातून घरासाठी वस्तू मागवते आहे. कधी स्वतःसाठी, कधी बहिणीसाठी, कधी सोसायटीतल्या मैत्रिणींसाठी. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी फोनचा स्क्रीनशॉट पाठवून विचारतं, "हे मागवू का गं? शिपिंग बघ ना किती लावलंय!" उत्तर दरवेळी वेगळं असतं, पण ते काढायची रीत एकच आहे. ती इथे नीट लिहून ठेवते आहे. मी कोथरूडला राहते, म्हणून उदाहरणं पुण्याची आहेत.

वस्तू ४,००० रुपयांची आणि शिपिंग ५,००० रुपये. दुकानदार लुबाडतोय का?

बहुतेक वेळा नाही. विमानात वजनाइतकीच जागा महाग असते. म्हणून मोठ्या कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेलं वजन अशी दोन वजनं बघतात आणि जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ५,००० ने भागा. काही ठिकाणी भाजक ६,००० असतो.

आता ३० सेंटीमीटर व्यासाचं एक सिरॅमिकचं मिक्सिंग बाउल धरा. प्रत्यक्षात ते अडीच किलोचं. पण चहूबाजूंनी बबलरॅप आणि कागद भरून ते ४० × ४० × २८ सेंटीमीटरच्या खोक्यात जातं. गुणाकार ४४,८००, म्हणजे आकाराचं वजन जवळपास ९ किलो. तुम्ही अडीच किलो बाउलचे आणि साडेसहा किलो हवेचे पैसे भरता आहात.

हे एकदा लक्षात आलं की वस्तूकडे बघायची नजरच बदलते. मी आता फोटो बघतानाच मनात खोकं आखते.

मग शिपिंग परवडतं कुठल्या वस्तूंचं?

ज्या वस्तूची किंमत जास्त पण खोकं लहान, तिचं. वजनापेक्षा आकाराकडे बघा.

सगळ्यात उत्तम उदाहरण जपानी सुरीचं. साकाई, सेकी, सांजो ही जपानमधली सुऱ्यांसाठी नावाजलेली गावं. चांगली सुरी ३५ × १० × ५ सेंटीमीटरच्या खोक्यात बसते. सूत्राने तिचं वजन ३५० ग्रॅम भरतं. आठ-दहा हजारांच्या वस्तूवर शिपिंगचा भार अगदी थोडा पडतो आणि ती वीस वर्षं सहज टिकते. बारीक किसण्या, चांगल्या कात्र्या, लेसचे पडदे, हातमागाचे टेबल रनर, दाराच्या मुठी, नळाचे सुटे भाग हे सगळं याच जातीचं.

याच्या अगदी उलट लॅम्पशेड. कडक सांगाड्याची, ५० सेंटीमीटर व्यासाची शेड ५० × ५० × ५० च्या खोक्यात येते. खरं वजन दोन किलोसुद्धा नाही आणि पैसे मात्र २५ किलोचे. पण शेडमध्येही फरक असतो. इसामु नोगुची या शिल्पकाराने १९५१ पासून जपानमधल्या गिफूच्या कारागिरांबरोबर 'आकारी' नावाचे कागदी दिवे केले. बांबूच्या बारीक पट्ट्यांवर हातकागद चढवलेला असतो आणि आपल्या आकाशकंदिलासारखा तो दिवा मिटून सपाट होतो. मोठा दिवासुद्धा चपट्या खोक्यात येतो. त्यामुळे "दिवा मागवू का?" या प्रश्नावर माझा पहिला प्रश्न असतो, "तो मिटतो का?"

तिसरी गोष्ट एकात एक बसणाऱ्या भांड्यांची. एका बाउलच्या खोक्यातच त्याच्या पोटात आणखी दोन बाउल बसत असतील, तर खोकं तेवढंच राहतं आणि शिपिंग तिघांत वाटलं जातं. एकटं मोठं बाउल मागवण्यापेक्षा तिघांचा संच कित्येकदा शहाणपणाचा ठरतो. अर्थात तिघांचाही वापर होणार असेल तरच.

आणखी एक. दुकानदार पोस्टाने पाठवत असेल तर तो पर्याय जरूर बघा. जपान पोस्टची ईएमएस सेवा, उदाहरणार्थ, खऱ्या वजनावर पैसे घेते. आकाराला मर्यादा असते, पण हलक्या आणि फुगीर वस्तूंना पोस्ट खूपच स्वस्त पडू शकतं.

शेवटी वस्तू कितीला पडली, हे ऑर्डर करण्याआधी कसं काढायचं?

कागद घ्या आणि पाच ओळी मांडा. वरचंच बाउल धरू. यातले दर मी हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या वस्तूचे बघून घाला.

वस्तू ४,००० रुपये. शिपिंग ५,००० रुपये.

तिसरी ओळ ड्यूटीची. कस्टम्स फक्त वस्तूच्या किमतीवर ड्यूटी काढत नाही. भाडं आणि विमा त्यात मिळवतं. पण इथे एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे, विमानाने आलेल्या मालाच्या बाबतीत हे भाडं मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. विम्याचा आकडा कळत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. म्हणजे ४,००० अधिक ८०० अधिक ४५, एकूण ४,८४५ रुपये. सगळे कर मिळून ३० टक्के धरले तर ड्यूटी १,४५४ रुपये. पूर्ण ५,००० रुपये भाडं धरून ड्यूटी लावलेली दिसली, तर कुरिअरला ईमेल करून हा नियम दाखवा.

चौथी ओळ कुरिअरच्या फीची. ते तुमच्या वतीने आधी ड्यूटी भरतात आणि त्या कामाचे वेगळे पैसे घेतात. ६०० रुपये धरू.

पाचवी ओळ कार्डाची. परकीय चलनातल्या खरेदीवर बँक मार्कअप लावते, बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ९,००० रुपयांवर हे ३७२ रुपये होतात.

बेरीज ११,४२६ रुपये.

आता प्रश्न असा विचारा: हे बाउल लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या दुकानात ११,४२६ रुपयांची चिठ्ठी लावून ठेवलेलं असतं, तर मी ते उचललं असतं का? उत्तर मनापासून "हो" असेल तर मागवा, शिपिंगचा विचारसुद्धा करू नका. "नाही" असेल तर वस्तू तुम्हाला ४,००० रुपयांची म्हणूनच आवडली होती, आणि त्या किमतीला ती पुण्यात मिळतच नाही.

ड्यूटी नक्की किती टक्के?

वस्तूप्रमाणे आणि ती कशी आयात झाली त्याप्रमाणे बदलते, शिवाय अर्थसंकल्पात दर बदलतात. जुन्या लेखातला आकडा धरून चालू नका. रचना मात्र तीच राहिली आहे: आधी मूळ सीमाशुल्क, त्यावर समाजकल्याण अधिभार, आणि मग वस्तूच्या मूल्यासकट या सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. करावर कर बसतो म्हणून एकूण आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो.

पहिल्या पार्सलला कुरिअर केवायसी मागेल. आधार किंवा पॅनची प्रत पाठवावी लागते. त्यांचा ईमेल आला की लगेच उत्तर द्या, कारण पार्सल मुंबईत किंवा दिल्लीत पडून राहतं आणि पुढे साठवणुकीचं भाडं चढू लागतं. मात्र मेसेजमधल्या लिंकवर घाईने पैसे भरू नका. कुरिअरच्या संकेतस्थळावर पार्सलचा नंबर घालून खात्री करून मगच भरा.

दुकानदाराला 'गिफ्ट' असं लिहायला सांगितलं तर ड्यूटी वाचते ना?

नाही. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती वाट बंद झाली. राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून ड्यूटीशिवाय काही येत नाही.

किंमत कमी लिहून घ्यायलाही मी मनापासून विरोध करते. एक तर ते खोटं आहे. दुसरं, पार्सल फुटलं तर भरपाई कागदावर लिहिलेल्या किमतीपुरतीच मिळते. आणि कस्टम्सचे अधिकारी वस्तूची किंमत नेटवर बघू शकतात. मग वाढीव मूल्यांकन आणि दंड दोन्ही बसतात.

परदेशातला कर आपण का भरायचा?

भरायचा नाही, हे बरोबर आहे. ब्रिटनमध्ये व्हॅट २० टक्के, जर्मनीत १९, जपानमध्ये उपभोग कर १०. माल थेट देशाबाहेर जात असेल तर बरेच दुकानदार हा कर वजा करतात. संकेतस्थळावर दिसणारी किंमत बहुधा करासहित असते. पत्त्यात भारत निवडल्यावर ती उतरते का ते बघा. उतरली नाही तर दुकानदाराला दोन ओळी लिहा. मला एकदा असंच विचारल्यावर सोळा टक्क्यांच्या आसपास किंमत कमी करून मिळाली होती. १२० मधून २० वजा झाले की तेवढेच होतात.

ब्रिटनमध्ये प्रवाशांना विमानतळावर व्हॅट परत मिळायची सोय २०२१ च्या सुरुवातीला बंद झाली. त्यामुळे लंडनला गेलेल्या बहिणीने दुकानातून वस्तू हातात घेतली तर कर बसतो आणि तीच दुकानातून थेट पुण्याला पाठवली तर कर सुटू शकतो. जड आणि महाग वस्तूच्या बाबतीत हा फरक मोजून बघण्यासारखा आहे.

भाचा डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येतोय. त्याच्या बॅगेत आणायला सांगू?

सांगा, पण त्याच्या बॅगेतली जागाही कुणाची तरी असते हे लक्षात ठेवून सांगा. माझा नियम असा: एका माणसाकडून एकच वस्तू, दोन किलोंच्या आतली, आणि ती त्याच्या पत्त्यावर मी स्वतः ऑर्डर करून पोहोचवलेली. त्याला दुकानात पाठवायचं नाही. परत जाताना त्याच्या बॅगेत भाजणी आणि गोडा मसाला माझ्याकडून असतोच.

कस्टम्सचं म्हणाल तर प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतच्या वस्तू ड्यूटीशिवाय आणता येतात. २०१६ च्या बॅगेज नियमांत ही रक्कम ५०,००० रुपये होती. हे आकडे बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या. घरातल्या चौघांच्या मर्यादा एकत्र करून एका महाग वस्तूवर लावता येत नाहीत. बिल जवळ असू द्या. सुरी असेल तर ती चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये अजिबात नाही.

स्टँड मिक्सर, राइस कुकर, केटल यांचं काय?

मी विजेची वस्तू मागवत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये तर १०० व्होल्ट. १२० व्होल्टची केटल आपल्या प्लगमध्ये थेट लावली तर तिच्या कॉइलमधून साडेतीन पटींहून जास्त शक्ती जाते आणि ती काही क्षणांत जळते. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. १,५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर जड असतो, ओट्यावर जागा खातो, आणि तोसुद्धा हर्ट्झ बदलत नाही, म्हणजे काही मोटारी मनासारख्या चालत नाहीत.

वस्तूच्या तळाशी "इनपुट १००–२४० व्होल्ट" असं छापलेलं असेल तर ती चालते. फोनचे चार्जर, काही टेबल लॅम्पचे अडॅप्टर तसे असतात. ब्रिटन आणि युरोपच्या वस्तू व्होल्टेजला जुळतात, पण बिघडल्या तर सुटा भाग कुठून आणणार? प्रेशर कुकरला वीज लागत नाही, तरी तोही मी याच यादीत घालते. आपल्याकडच्या कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. जर्मन कुकरची रिंग फाटली की पुन्हा परदेशी पार्सल.

मापं जुळतात का?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि इथली फसगत दुरुस्त होत नाही.

इलॅस्टिकची चादर घ्या. अमेरिकन 'क्वीन' ६० × ८० इंच. आपल्याकडची क्वीन गादी बहुधा ६० × ७८. ब्रिटिश 'डबल' तर ५३ × ७५ इंचांच्या आसपास. नावावर जाऊ नका. गादी मोजा, जाडीसुद्धा मोजा.

बेकिंग ट्रे. परदेशी पाककृतींत ज्याला हाफ शीट म्हणतात तो साधारण ४६ × ३३ सेंटीमीटरचा असतो. आपल्या घरातल्या ओटीजीत तो आडवा, उभा, तिरका कसाही बसत नाही. आतली मोकळी जागा पट्टीने मोजून मगच ट्रे बघा.

मेजरिंग कप. अमेरिकन कप सुमारे २४० मिलि, जपानी २००, आणि राइस कुकरबरोबर येणारा तांदळाचा कप १८०. तिन्हींना कपच म्हणतात.

आणि गॅस. कॉफी करायचा लहान मोका पॉट मागवलात तर तो आपल्या शेगडीच्या जाळीवर उभा राहत नाही. माझ्याकडे तीन कपांचा आहे. त्याचा बूड इतका लहान की जाळीच्या चार दांड्यांमधून एका बाजूला कलतो. पहिल्या दिवशी मी चिमट्याने धरून कॉफी केली. मग बोहरी आळीतून एक छोटी लोखंडी जाळी आणली, ती वर ठेवली, आणि प्रश्न सुटला.

रस्त्यात फुटलं तर?

हे मी अनुभवलेलं आहे, म्हणून सविस्तर सांगते.

जपानमध्ये इगा नावाच्या भागात मातीची 'दोनाबे' भांडी करतात. गॅसच्या आचेवर चालणारी, जाड बुडाची, झाकणाची. मला ते भातासाठी हवं होतं. तीन महिने विचार करून मागवलं. खोकं आलं ते एका कोपऱ्यात दबलेलं होतं, पण भांडं वरून अगदी व्यवस्थित. बोटाने टिचकी मारली तेव्हा आवाज मात्र बद्द आला. आपल्याकडे माठ घेताना वाजवून बघतात ना, तसा खणखणीत नाही. रात्री त्यात पाणी भरून खाली वर्तमानपत्र ठेवलं. सकाळी कागदावर वाटीएवढा ओला गोल होता. बुडाला केसासारखी तडा.

दुकानदाराची अट होती की पार्सल मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत फोटो पाठवायचे. मी खोकं आधीच रद्दीवाल्याला दिलं होतं. दबलेल्या कोपऱ्याचा पुरावाच गेला. कुरिअर कंपनीकडे विचारलं तेव्हा कळलं की वेगळा विमा घेतला नसेल तर हवाई मालाची भरपाई साधारणपणे किलोमागे मोजली जाते, वस्तूच्या किमतीवर नाही. पातळ, हलक्या, नाजूक वस्तूला म्हणूनच सगळ्यात कमी मिळतं. मला फार थोडे पैसे मिळाले.

तेव्हापासून मी हे पाळते. ऑर्डरच्या आधी दुकानदाराला विचारते, "दुहेरी खोकं करता का?" म्हणजे आतलं खोकं आणि बाहेरचं खोकं यांच्यामध्ये चार-पाच सेंटीमीटरची गादी. खोकं मोठं होतं, शिपिंग वाढतं, पण काच आणि मातीच्या वस्तूला याला पर्याय नाही. विमा घेते. पार्सल आलं की उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो, उघडताना व्हिडिओ, आणि निदान पंधरा दिवस खोकं माळ्यावर. मातीचं भांडं असेल तर त्याच दिवशी पाणी भरून कागदावर ठेवायचं.

आवडलं नाही तर परत पाठवता येतं?

कागदावर येतं. प्रत्यक्षात परतीचं भाडं तुमचं, इथे भरलेली ड्यूटी परत मिळवणं फार किचकट, आणि कुरिअरची फी गेलेलीच. परत पाठवायची वेळ येणार नाही अशीच वस्तू मागवा. "रंग फोटोसारखा असेल ना?" अशी शंका असेल तर थांबा.

कास्ट आयर्न, तांबं, काच: हे इथे मिळत नाही का?

मिळतं, आणि या तिन्ही गोष्टींत पुण्याला राहणाऱ्याचं भाग्य आहे असं मला खरंच वाटतं.

कास्ट आयर्न म्हणजे आपलं बीड. सव्वादहा इंचांचं अमेरिकन स्किलेट सव्वादोन किलोंच्या पुढे जातं. ते विमानाने आणायचं आणि दुसरीकडे कोल्हापूरच्या फाउंड्र्या जगभरासाठी ओतकाम करतात. बिडाचा तवा, कढई, आप्पेपात्र तुळशीबागेत, बोहरी आळीत हातात घेऊन, वजन पारखून घेता येतं. परदेशी स्किलेटचा पृष्ठभाग काही वेळा जास्त गुळगुळीत असतो, हे खरं. पण महिनाभर तेल लावून, तापवून, धिरडी घातली की आपला तवाही तसा होतो. इनॅमल चढवलेलं बीड ही मात्र वेगळी वस्तू आहे. त्यात चिंच, कोकम, टोमॅटो बिनधास्त शिजवता येतात. तेही आता भारतात विकत मिळतं. आधी इथली किंमत बघा. आणि ते घेतलंत तर घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी दाखवून सांगा की याला तारेची घासणी लावायची नाही.

तांब्याचं तर विचारूच नका. फ्रान्समध्ये व्हिलदिए-ले-पोएल नावाचं गाव तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या जुन्या पद्धतीच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा असतो, म्हणजे आपली कल्हई. आपल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, पेशवाईपासूनची. तिथे आजही तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकेक ठोका मारून मठारकाम करतात. आळीत शिरलं की भांडं दिसायच्या आधी ठोके ऐकू येतात. तुम्ही समोर उभं राहून माप सांगू शकता, आणि कल्हई उडाली की तिथेच परत करून घेता येते. फक्त पत्र्याची जाडी विचारून घ्या. फ्रेंच भांडी दोन-अडीच मिलिमीटरची असतात, आपल्याकडे बहुधा पातळ. जाड हवं असेल तर तसं सांगून करून घ्यावं लागतं.

ओव्हनच्या काचेचं एक लक्षात ठेवा. अमेरिकेत 'पायरेक्स' नावाने घरगुती वापरासाठी मिळणारी काच आज सोडा-लाइम प्रकारची असते, तर युरोपातली बोरोसिलिकेट. तापमानातला एकदम होणारा बदल बोरोसिलिकेट जास्त सोसते, आणि बोरोसिलची बेकिंगची भांडी आपल्याकडे कुठेही मिळतात. अमेरिकेहून काचेचं बेकिंग डिश मागवण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

हाताने घडवलेलं स्टोनवेअर, म्हणजे कडक भाजलेली मातीची भांडी, हवं असेल तर पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीकडे बघा. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये ती सुरू केली, आणि तिथे शिकलेले कुंभार आज देशभर काम करतात. देशातल्या देशात ड्यूटीही नाही आणि फुटलं तर बोलायला माणूस आपल्याच भाषेत नाही तरी आपल्याच देशात आहे.

परदेशी टॉवेल आणि चादरी खरंच वेगळ्या असतात?

माझ्या जावेने परदेशातून टॉवेलांचा संच मागवला. मऊ, जाड, सुंदर. धुवायला टाकताना तिला शिवणीतली पट्टी दिसली: भारतात तयार झालेले. यात फसवणूक कुणाचीच नाही. सोलापूर, पानिपत, करूर इथून घरगुती कापड जगभर जातं. सोलापूरच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ऑर्डर करण्याआधी "कुठे तयार झालं" ही ओळ वाचा. भारत असेल तर तेच कापड दोनदा समुद्र ओलांडून तुमच्याकडे येणार आहे.

बेल्जियम, लिथुआनियाचं लिनन मात्र वेगळं, आणि ते घडी होऊन छोट्या पाकिटात येतं. मापं नीट घेऊन खुशाल मागवा.

चौघींनी मिळून मागवलं तर?

शिपिंग नक्की वाटलं जातं. पण एकाच नावावर एकसारख्या वीस वस्तू आल्या तर कस्टम्सला तो धंदा वाटू शकतो, आणि धंद्याच्या आयातीला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक, लागतो. वेगवेगळ्या वस्तू, घरगुती संख्येत असू द्या. आणि पैसे आधी गोळा करा. ड्यूटीची वाटणी किमतीप्रमाणे आणि शिपिंगची वाटणी आकाराप्रमाणे करायची, हे पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाका. मैत्री टिकते.

जहाजाने स्वस्त पडत नाही का?

एक-दोन वस्तूंना नाही. जहाजाचं भाडं घनमीटरवर असतं, पण न्हावा शेवा बंदरावरचा खर्च, क्लिअरिंग एजंट, कागदपत्रं हे सगळं वस्तू एक असो की पन्नास, लागतंच. अख्खं फर्निचर किंवा अख्खं घर हलवत असाल तेव्हाच तो रस्ता.

आत्ता वस्तू कार्टमध्ये आहे, सेल उद्या संपतोय. काय करू?

सेल जाऊ द्या. तो पुन्हा येतो, आणि हिशेबाच्या पाच ओळींपैकी शिपिंग आणि कुरिअरची फी या दोन त्याने कमी होत नाहीत.

त्यापेक्षा वाण्याकडून एक रिकामं खोकं आणा, वस्तूच्या मापाला कापा आणि ती जिथे ठेवणार आहात तिथे ठेवून द्या. ओट्यावर, शेल्फवर, जिथे असेल तिथे. मग रोजचा स्वयंपाक करा. खोकं पोळपाटाच्या आड येतं का, ते उचलून ठेवायला रोज जागा लागते का, वरचं कपाट उघडताना त्याला हात लागतो का, हे दोन दिवसांत कळतं.

फुटलेल्या दोनाबेनंतर दुसरं मागवायचं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. तेव्हा बिस्किटांचं एक खोकं मी शेगडीच्या डाव्या बाजूला ठेवलं होतं. आठ दिवस ते तिथे होतं. दोनदा सासूबाईंनी ते कचरा समजून उचललं, दोनदा मी परत ठेवलं. नवव्या दिवशी मी दुकानदाराला लिहिलं, दुहेरी खोकं आणि विमा दोन्ही मागितले, आणि ऑर्डर केली. ते दुसरं भांडं आता पाच वर्षांचं आहे.